अणूची भट्टी आणि कारागिराचा हात

मी शास्त्रज्ञ नव्हे. कामगारांच्या संघटनेसाठी कारखान्यांतून हिंडता हिंडता शिकलेला मनुष्य आहे. अणुशक्तीच्या अग्निबाणाकडेही मी त्याच नजरेने पाहतो.

कल्पना सोपी आहे. अणुभट्टीत हायड्रोजन तापवावयाचा आणि वेगाने मागे सोडावयाचा, म्हणजे यान पुढे जाते. तेवढ्याच वजनाच्या इंधनात रासायनिक अग्निबाणाच्या जवळजवळ दुप्पट काम होते. पण उणे २५३ अंशांचा द्रव हायड्रोजन क्षणार्धात दोन हजार अंशांवर न्यावयाचा, आणि असा तापलेला हायड्रोजन ग्रॅफाइटच खाऊन टाकतो!

अमेरिकेत १९५५ साली हे काम सुरू झाले. ३० नोव्हेंबर १९६२ रोजी नेव्हाडाच्या वाळवंटात 'किवी' भट्टीची शक्ती वाढवू लागताच इंधनाच्या कांड्या फुटून बाहेर उडाल्या. दोष अणूचा नव्हता. अणुक्रिया न चालविता नुसता थंड वायू सोडून पाहिला, तेव्हा प्रवाहाने कांड्या थरथरतात असे आढळले. बांधणी सुधारली आणि ऑगस्ट १९६४ मध्ये भट्टी नीट चालली. तरीही १९७३ साली पैसा आटला व काम बंद पडले. आजवर अशा इंजिनाने एकही यान गेलेले नाही.

आपल्याकडे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बेला 'अप्सरा' सुरू झाली. पुणे जिल्ह्यातच, वालचंदनगरला, साखर कारखान्याभोवती वाढलेल्या उद्योगात 'इस्रो'च्या अग्निबाणांची कवचे घडली. नकाशे कपाटात टिकतात. हातातले कसब मात्र माणसे पांगली की पांगते. म्हणून भट्टीइतकाच हातही जपावयास हवा.