टोचणीची परीक्षा : भायखळा, उंढेरा आणि सायनसचा दाह

सायनसचा व मध्यकर्णाचा जुनाट दाह कधी वाढतो, कधी आपोआप ओसरतो. त्यामुळे टोचणीनंतर रुग्णास बरे वाटले, एवढ्यावरून तो टोचणीचाच गुण होय, असे ठरत नाही. न टोचलेल्या समान रुग्णांशी तुलना केल्यावाचून निर्णय होत नाही. ही तुलनेची दृष्टी मुंबई व बडोदे येथे प्लेगच्या लसीच्या निमित्ताने आरंभीच प्रकट झाली होती.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवल्यावर डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. त्यावरून लस सोसते एवढेच कळले. त्याच महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने टोचून घेतलेल्या सुमारे दीडशे कैद्यांत २ आजारी पडले, मृत्यू एकही नाही. उरलेल्यांत १२ आजारी पडून ६ दगावले. परंतु स्वेच्छेने पुढे येणारे लोक मुळातच निराळे असू शकतात.

ही उणीव १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी बरीच भरून निघाली. तेथे प्रत्येक कुटुंबातील काहींना टोचले, काहींना तसेच ठेवले. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी पडून ३ मेले. न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी पडून २६ मेले. घर एक, अन्न एक, भेद टोचणीचा. तथापि कोणास टोचले हे सर्वांस ठाऊक होते.

मृत्यूची गणना करताना हे ज्ञान फारसे बाधत नाही. नाक चोंदणे, वास न येणे अशा तक्रारी मोजताना मात्र बाधते. म्हणून नाकातील मांसांकुरांसह होणाऱ्या सायनसच्या दाहावर ड्युपिलुमॅबची परीक्षा झाली, तेव्हा दोन प्रयोगांतील ७२४ रुग्ण यदृच्छेने विभागले गेले. काहींना औषध व काहींना निरौषध द्रव टोचला, आणि कोणास काय मिळाले हे रुग्ण व वैद्य दोघांपासूनही गुप्त ठेवले. नाकात मारावयाचा स्टेरॉइडचा फवारा सर्वांस चालू होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार औषधाने मांसांकुर लहान झाले व वास सुधारला. पण २४ आठवड्यांच्या प्रयोगात टोचणी थांबताच लाभ ओसरू लागला. अर्थात हे औषध दाह आवरते, समूळ घालवीत नाही.

मध्यकर्णाचा इओसिनोफिलजन्य दाह या व्याधीचा सगोत्र असला, तरी नाकावरील यश कानाच्या खाती जमा करता येत नाही. त्याचा निर्णय त्याच्याच रुग्णांच्या तुलनेतून व्हावयास हवा, हाच उंढेऱ्याचा धडा होय.