नकाशावरच्या जहाजांची कुळकथा

शिराळ्याच्या शिवारात पडलेला पाऊस मोरणेतून वारणेला आणि वारणेतून कृष्णेला मिळतो, मग सगळे दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. अरबी समुद्र मात्र इथून सरळ रेषेत सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. शिराळा आणि रत्नागिरी जवळपास एकाच अक्षांशावर. मध्ये सह्याद्री उभा. त्या डोंगरापलीकडे आत्ता कोणते जहाज कुठल्या बंदराला, किती वेगाने चालले आहे, हे शिराळ्याच्या बसस्थानकावर उभे राहून मोबाइलवर पाहता येते. घरातला मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला असेल, तर त्याचे जहाज सिंगापूर सोडून निघाले की अजून नांगर टाकून आहे, हे आईलाही कळते.

ही सोय एका माणसाने, एका दिवसात शोधलेली नाही. तिच्या मुळाशी बुडालेल्या बोटी आहेत, तेलाने माखलेला एक किनारा आहे आणि आपल्या श्रीहरिकोट्याहून उडालेले काही छोटे उपग्रहही आहेत. हौशी दर्यावर्दींचा विचार तर तिच्या जन्माच्या वेळी कुणी फारसा केलेला नव्हता. त्यांना ती मागाहून मिळाली.

जहाज कुठे आहे हे जाणून घेण्याची गरज आधी व्यापाऱ्यांना होती. लंडनमध्ये एडवर्ड लॉइडच्या कॉफीगृहात जहाजमालक आणि विमा उतरवणारे जमत, बंदरोबंदरीच्या बातम्या एकमेकांना सांगत. त्यातूनच १७३४ मध्ये 'लॉइड्स लिस्ट' हे पत्र सुरू झाले. कोणते जहाज कुठे पोहोचले, कोणते निघाले, याची ती यादी. पण बंदर सोडल्यावर पुढचे बंदर येईपर्यंत जहाजाचा ठावठिकाणा कुणालाच नसे.

हे अज्ञान किती जवळच्या पाण्यात जीवघेणे ठरते, ते कोकणाने भोगले आहे. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. रेवस मुंबईहून हाकेच्या अंतरावर, तरीही मुंबईला अपघात कळला तो पोहून वाचलेल्यांच्या तोंडून. बोट वेळेवर पोहोचली नाही, एवढ्यावरून कुणी शोधायला निघावे अशी व्यवस्थाच नव्हती.

एकट्याने शिडाची होडी हाकारणाऱ्यांची स्थिती पुढची वीस वर्षे तशीच राहिली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दीची 'सुहेली' ही बत्तीस फुटी सागवानी होडी मुंबईत बांधलेली होती. तिच्यावरून त्याने १९६८ मध्ये एका शर्यतीत कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा आरंभली. वाटेत त्याचा रेडिओ बंद पडला. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर तो दिसला, आणि त्यानंतर कित्येक महिने तो जिवंत आहे की नाही हे जगाला ठाऊक नव्हते. एप्रिल १९६९ मध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाने त्याला पाहिले तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडला. २२ एप्रिलला, ३१२ दिवसांनी, तो फालमथला पोहोचला. त्याच शर्यतीतला डोनाल्ड क्रोहर्स्ट अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि रेडिओवरून पुढची खोटी ठिकाणे कळवत राहिला. ती पडताळून पाहायला कुणाकडेच साधन नव्हते.

साधन आले ते एका वेगळ्याच अपघातानंतर. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन वाल्डीझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये हिमखंड टाळण्यासाठी नेमलेली वाट सोडून गेले आणि खडकावर चढले. चार कोटी लिटरच्या आसपास कच्चे तेल समुद्रात सांडले. जहाज खडकाकडे चालले आहे, हे किनाऱ्यावरून कुणी हेरले नाही. १९९० मध्ये अमेरिकेने तेल-प्रदूषणाचा कायदा केला. रडारने जहाज शोधत बसण्यापेक्षा तेलवाहू जहाजांनी आपले स्थान आपणहून कळवावे, ही कल्पना त्या कायद्याच्या अंमलबजावणीतून पुढे आली. उपग्रहांवरून स्थान सांगणारी जीपीएस यंत्रणा तेव्हा वापरात येत होती, त्यामुळे ते शक्यही झाले.

अडचण एकच होती. शेकडो जहाजे एकाच रेडिओ लहरीवर बोलू लागली तर गोंगाटात कुणाचेच ऐकू येणार नाही. तोडगा स्वीडनमध्ये निघाला आणि त्याच्याशी हाकन लान्स या संशोधकाचे नाव जोडलेले आहे. प्रत्येक मिनिटाचे २,२५० तुकडे करायचे आणि एका तुकड्यात एकानेच बोलायचे. एक तुकडा सेकंदाच्या चाळिसाव्या हिश्श्याहून किंचितच लांब. कोणता तुकडा कुणाचा हे ठरवणारा मध्यस्थ मात्र नाही. एसटीच्या आरक्षणात प्रवाशाने आजच्या प्रवासातच उद्याची जागा राखावी, तसे प्रत्येक यंत्र बोलता बोलता आपला पुढचा तुकडा जाहीर करते आणि बाकीची यंत्रे तो मोकळा सोडतात.

हीच ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टीम, म्हणजे एआयएस. तिला दोन व्हीएचएफ लहरी दिल्या गेल्या: १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने तिचे निकष १९९८ मध्ये ठरवले आणि २००४ च्या अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या ३०० टनांवरच्या जहाजांना आणि आकार कोणताही असो, अशा फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजांना ती सक्तीची केली. जहाजाचे नाव, नऊ आकडी ओळखक्रमांक, स्थान, वेग, रोख आणि पुढचे बंदर हे सगळे यंत्र आपोआप सांगत राहते. भारतीय जहाजांचे क्रमांक ४१९ ने सुरू होतात. चालत्या मोठ्या जहाजाचा संदेश दर दोन ते दहा सेकंदांनी निघतो, नांगरलेल्याचा तीन मिनिटांनी.

भारतात या यंत्रणेला गती मिळाली ती २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर. हल्लेखोर 'कुबेर' या पळवलेल्या मच्छीमार बोटीतून मुंबईजवळ आले होते. वीस मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस सक्तीचे झाले आणि किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर तिचे संदेश ऐकणारी केंद्रे बसवण्यात आली. २०१२ मध्ये ही राष्ट्रीय साखळी कामाला लागली. पिढ्यान्‌पिढ्या जहाजांना वाट दाखवणारी दीपगृहे आता त्यांचे म्हणणे ऐकूनही घेऊ लागली.

या लहरी सरळ रेषेत जातात आणि समुद्रसपाटीवर साधारण चाळीस ते सत्तर किलोमीटरपर्यंत पोहोचतात. शिराळ्यात घराच्या छपरावर अँटेना उभारली तर सह्याद्री आड येतो आणि काहीच ऐकू येत नाही. चांदोलीच्या जंगलाच्या कड्यावर, प्रचितगडासारख्या कोकणात डोकावणाऱ्या जागी, तत्त्वतः तीच अँटेना अरबी समुद्रातली जहाजे ऐकू शकेल, कारण हजारभर मीटर उंचीवरून क्षितिज फार दूर जाते. उंची वाढली की कान लांब होतात, हे तंत्रज्ञांना माहीत होते. मग अँटेना थेट अवकाशात का नेऊ नये?

ती नेली गेली, आणि इथे कथेत भारत पुन्हा येतो. २८ एप्रिल २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेल्या पीएसएलव्ही-सी९ मध्ये दहा उपग्रह होते. त्यांतला एक कॅनडाचा, वजनाने सात किलोच्या आत, जहाजांचे एआयएस संदेश अवकाशातून ऐकता येतात का हे तपासण्यासाठी घाईने बांधलेला. ते ऐकता आले. १२ जुलै २०१० रोजी पीएसएलव्ही-सी१५ ने नॉर्वेचा 'एआयएससॅट-१' कक्षेत नेला, आणि पुढच्या वर्षी इस्रोच्या 'रिसोर्ससॅट-२' वरही असेच उपकरण बसवले गेले. किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असलेली जहाजे नकाशावर येऊ लागली.

सर्वसामान्यांच्या हाती हा नकाशा आला तो मात्र एका प्राध्यापकामुळे. संदेश सांकेतिक नव्हते. ज्याच्याकडे ग्राहकयंत्र असेल त्याला ते ऐकता येत. ग्रीसमधल्या सिरॉस बेटावर एजियन विद्यापीठाचे दिमित्रिस लेक्कास यांनी २००७ मध्ये ते संदेश गोळा करून इंटरनेटच्या नकाशावर मांडायला सुरुवात केली. त्यातून 'मरीनट्रॅफिक' उभे राहिले. देशोदेशीच्या हौशी मंडळींनी गच्चीवर अँटेना लावून आपल्या भागातली जहाजे त्याला जोडून दिली. बंदरांची नोंद, उपग्रहांची माहिती यांची भर मागाहून पडली. २०२३ मध्ये केप्लर या कंपनीने ते विकत घेतले. आजही अशा संकेतस्थळांवर फुकट दिसतो तो मुख्यतः किनाऱ्यावरून ऐकलेला भाग. उपग्रहांच्या माहितीला सहसा पैसे पडतात.

आता हौशी दर्यावर्दींकडे वळू. मोठ्या जहाजांचे यंत्र महाग आणि वीजखाऊ. छोट्या होडीला ते पेलणारे नव्हते. त्यासाठी 'क्लास बी' नावाचा धाकटा प्रकार निघाला आणि २००६ मध्ये त्याचे मानक ठरले. त्याची ताकद दोन वॅट, मोठ्याची साडेबारा. चालत्या होडीचा संदेश अर्ध्या मिनिटाने एकदा जातो. मुंबईच्या बंदरात शीड उभारणाऱ्या किंवा मुंबई ते गोवा अशी सफर करणाऱ्या होडीला हे यंत्र काय देते, ते आकड्यांतून नीट कळते. मालवाहू जहाज अठरा नॉटने, म्हणजे ताशी तेहतीस किलोमीटरने येते. होडीही पाच नॉटने समोरून त्याच्याकडेच चालली असेल तर दहा सागरी मैलांचे अंतर अर्ध्या तासाच्या आत संपते. होडीवरचे यंत्र हे जहाज दिसण्याआधीच त्याचे नाव सांगते आणि दोघे किती वेळाने, किती जवळून जातील याचा हिशेब मांडते. नाव कळले की व्हीएचएफवर त्या जहाजाला नेमके हाकारता येते. एकट्याने जाणारा दर्यावर्दी तुकड्यातुकड्याने झोपतो, आणि जहाज जवळ आले की हेच यंत्र गजर करून त्याला उठवते. जाकिटाला लावायची छोटी एआयएस उपकरणेही मिळतात. माणूस पाण्यात पडला की ती ९७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकासह ओरडू लागतात आणि जवळच्या होड्यांच्या पडद्यावर तो माणूस दिसतो.

इथे एक फरक हौशी मंडळींच्या मनात पक्का हवा. होडीवरचे यंत्र शेजारच्या जहाजाचे थेट ऐकते. मोबाइलवरचा नकाशा तेच किनाऱ्यावरचे केंद्र आणि इंटरनेट यांच्यामार्फत, उशिराने सांगतो. पाच मिनिटांचा उशीर झाला तर अठरा नॉटचे जहाज दीड सागरी मैल पुढे गेलेले असते, आणि किनाऱ्यापासून थोडे आत गेले की मोबाइलचे नेटवर्कही सुटते. म्हणून टक्कर चुकवायला होडीवरचे यंत्र. ऑनलाइन नकाशा निघण्याआधी बंदरातली गर्दी आणि जहाजांच्या वाटा अभ्यासण्यासाठी आणि घरच्यांसाठी.

दूरच्या समुद्रात घरच्यांना आधार देतो तो आणखी एक प्रकार, थेट उपग्रहाशी बोलणारा ट्रॅकर. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी 'सुहेली'च्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'वर होते. जुन्या काळच्या साधनांनीच वाट काढायची, हा शर्यतीचा नियम. पण प्रत्येक होडीवर ट्रॅकर होता. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या वादळात त्यांच्या होडीचे डोलकाठ्यांसह हाल झाले आणि पाठीला गंभीर दुखापत झाली. पर्थपासून सुमारे १,९०० सागरी मैलांवर ते पडून होते, तरी त्यांचे स्थान माहीत होते. भारतीय नौदलाच्या विमानाने होडी हेरली आणि २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलून घेतले. नॉक्स-जॉन्स्टन यांच्या घरच्यांनी अर्धशतकापूर्वी काढलेले महिने इथे तीन दिवसांवर आले.

तरी पडद्यावर समुद्र पूर्ण दिसत नाही. ३१ जुलै २०११ रोजी 'पवित' हे तेलवाहू जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले. खलाशांनी ते ओमानच्या समुद्रात महिनाभर आधी सोडून दिले होते आणि ते आपोआप वाहत मुंबईपर्यंत आले, तरी वेळेत कुणी हेरले नाही. वीज गेलेले जहाज बोलत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' आदळले, शेकडो कंटेनर पाण्यात गेले. यंत्राची सक्ती तेव्हा मोठ्या जहाजांना लागू होऊन वर्षे लोटली होती. सुकाणू मात्र माणसांच्याच हातात होते. लहान मच्छीमार होड्या तर बहुतेक एआयएसवर नसतातच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये एक लाख मच्छीमार बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. पण ते तांडेलाला उपग्रहामार्गे संदेश पाठवता-मिळवता यावेत यासाठी आहे. शेजारून जाणाऱ्या हौशी होडीच्या पडद्यावर प्रत्येक मचवा उमटेल, असे त्यावरून धरता येत नाही. रात्री जाळी टाकून बसलेला मचवा डोळ्यांनीच शोधावा लागतो. समुद्रावरच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी नजर ठेवायला सांगतो तो म्हणूनच.

साताऱ्याच्या बाजूला शिवसागर जलाशयात बामणोलीहून वासोट्याकडे लाँच जातात. तिथल्या लाँचला एआयएसची सक्ती नाही. डोंगरांच्या घळीत मोबाइलही अनेक ठिकाणी मुका होतो. तिथे लाइफ जाकीट आणि लाँच कधी निघाली, कधी परतणार हे कुणालातरी सांगून ठेवणे हाच माग.

शिराळा-वाळव्याकडची मंडळी मुंबईहून किंवा गोव्याहून शिडाच्या होडीवर जाणार असतील, तर निघण्याआधी होडीचे नाव, नऊ आकडी क्रमांक, मार्ग आणि परतीची वेळ घरी लिहून ठेवावी. नकाशावरचा ठिपका मध्येच थांबला, तर आधी होडी किनाऱ्यावरच्या केंद्रांच्या टापूबाहेर गेली असेल, असे घरच्यांनी धरावे. परतीची ठरलेली वेळ टळून गेली आणि संपर्क होईना, तर वाट पाहत न बसता तटरक्षक दलाचा १५५४ हा मोफत क्रमांक फिरवावा आणि कागदावरची माहिती जशीच्या तशी वाचून दाखवावी.