काठावरची अट

आपण पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून दुसऱ्या टोकावर खोडरबर ठेवतो. मग पट्टी दोन पुस्तकांवर टेकवून तोच खोडरबर मधोमध ठेवतो. पट्टी तीच, वजन तेच, पण वाकणे वेगळे. टोके कशी धरली आहेत, ही झाली सीमाअट. ती दिलीच नाही, तर गणिताला निश्चित उत्तर नाही.

१९६० साली नागपुरात विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत रे क्लफ यांनी रचनेचे लहान तुकडे कल्पून, त्यांची समीकरणे एका मॅट्रिक्समध्ये मिळवण्याच्या रीतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव दिले.

या महाविद्यालयाचे १९६५चे पदवीधर विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. अनेक प्रोसेसर एकाच वेळी राबवणारा हा संगणक. असे काम वाटून दिले, की हद्दीवरचे बिंदू दोन प्रोसेसरांत सामाईक येतात. एकाने असा बिंदू स्थिर धरला आणि दुसऱ्याने मोकळा, तर बेरीज बिघडते. संगणक मात्र निमूटपणे चुकीचा आकडा देऊ शकतो. म्हणून सामाईक बिंदूची अट दोघांनाही ठाऊक हवी.

उदाहरण सोडवण्याआधी ‘टोके कशी आहेत?’ हे विचारण्याची सवय आपण मुलांना लावू या.