टिळकनगरचा मांडव

मांडववाल्याला कोणी विचारत नाही की तुझा मांडव किती वर्षं टिकेल. विचारतात ते एवढंच, की रात्री बाराला जेवणं उरकली तर सकाळी मैदान मोकळं होईल का? माझे वडील भुसावळला मांडव घालायचे. लग्नसराईत तोच मांडव सोमवारी सावद्याला, गुरुवारी वरणगावला आणि रविवारी आणखी कुठल्या तरी वाडीत उभा राहायचा. बांबू, बल्ल्या, कनाती, झालरी, सतरंज्या आणि सुंभाची वेटोळी, एवढ्या भांडवलावर आम्ही चार भावंडं शिकलो. वडिलांचा एक दंडक होता. मांडव उतरवताना सुंभाची गाठ कापायची नाही, सोडवायची. कापलेलं सुंभ पुढच्या मांडवाला तोकडं पडतं. पहाटे तीनला डोळ्यांवर झापड असताना दवाने फुगलेली गाठ नखांनी सोडवणं म्हणजे काय, ते माझ्या बोटांना अजून आठवतं.

मी पुण्यात प्रदर्शनांचे स्टॉल उभारतो. सनबोर्ड, एमडीएफ, विनाईल, फ्लेक्स. वडिलांच्या धंद्यात माल परत येण्यातच नफा होता. माझ्या धंद्यात माल परत आणायचा म्हटलं तर टेम्पोचं भाडं अंगावर पडतं. फ्लेक्सवर तारीख, ठिकाण, पाहुण्यांची नावं आणि त्यांचे फोटो छापलेले असतात, त्यामुळे चौथ्या दिवशी तो कोणाच्याच कामाचा राहत नाही. फार तर गोठ्यावर आच्छादन म्हणून जातो. मग पाहुण्यांचे हसरे चेहरे म्हशींवर छत्र धरतात, ते सोडा. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने पर्यावरणावरच्या प्रदर्शनाचं काम दिलं. प्लास्टिक टाळा, थर्माकोल टाळा, असा मजकूर होता आणि तो मी छापला फ्लेक्सवर, कारण अंदाजपत्रक तेवढंच होतं. तीन दिवसांनी मैदानातून दोन टेम्पो कचरा निघाला. संस्थेला कोणी काही बोललं नाही, मलाही नाही. बिल वेळेवर मिळालं. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा आमच्या धंद्यातले बरेच जण कुरकुरले. मी गप्प होतो, कारण ते दोन टेम्पो डोळ्यांसमोर होते.

त्या वेळी आजीची कमान आठवली. आजी रावेरकडची. लहान असताना बैलगाडीतून फैजपूरची काँग्रेस बघायला गेली होती. पंडित नेहरूंचं भाषण तिला आठवत नव्हतं, महात्माजी दिसले की नाही याचीही खात्री नव्हती. आठवत होती ती कमान. ‘आपल्याच बांबूची व्हती, पन आपली वाटत नव्हती,’ एवढंच ती सांगायची. चाळीस वर्षं या धंद्यात काढून मला प्रदर्शनाची याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही.

फैजपूर म्हणजे सातपुड्याचा पायथा आणि तापीचं खोरं यांच्यामधलं गाव, तेव्हाच्या पूर्व खानदेशातलं. 27 आणि 28 डिसेंबर 1936 या दिवशी तिथे काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन भरलं. तोवरची अधिवेशनं मुंबई, कलकत्ता, लाहोर, कराची अशा शहरांत भरत आली होती. खेड्यात भरलेलं हे पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी यांनी गावोगाव माणसं उभी केली आणि साने गुरुजी त्या तयारीसाठी खानदेशभर पायाला भिंगरी लावून फिरले. अधिवेशनाच्या वस्तीला नाव दिलं टिळकनगर. लाखभर लोक आले असं सांगतात. एवढ्या माणसांना सावली, पाणी, निजायला जागा आणि संडास, हे सगळं काही आठवड्यांत शेतजमिनीवर उभं करायचं आणि अधिवेशन संपल्यावर ती जमीन शेतकऱ्याला परत द्यायची. हे काम माझ्या वडिलांना नीट समजलं असतं.

गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावलं. त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनातलं कलाप्रदर्शन नंदलालांनी मांडलं होतं, पण ते चित्रांचं काम होतं. इथे अख्खं नगर सजवायचं होतं. आपण चित्रकार, बांधकामातलं आपल्याला काय कळतं, असा त्यांना संकोच होता. गांधीजींनी तो चालू दिला नाही. अट घातली ती अशी, की जे काही कराल ते आसपास मिळणाऱ्या सामानातून आणि आसपासच्या कारागिरांच्या हातून. शिवाय खर्च आटोक्यात हवा. जोडीला म्हात्रे नावाचे अभियंते होते.

आजकाल ग्राहक अशी अट घालतो तेव्हा मी मनात म्हणतो, आता हा पैसे वाचवणार. गांधीजींनाही पैसे वाचवायचेच होते, ते त्यांनी लपवलं नाही. पण त्या अटीने नंदलालांचे हात बांधले गेले नाहीत, उलट मोकळे झाले. बांबू, तट्ट्या, गवत, चटया, खादी. बुरूड एरवी कणगी आणि सुपं ज्या कामट्यांनी विणतो त्याच इथे प्रवेशद्वारासाठी आल्या. नेहरूंची मिरवणूक निघाली ती मोटारीतून नाही, बैलजोड्यांनी ओढलेल्या रथातून. खानदेशातल्या शेतकऱ्याला बैल सजवायला कोणी शिकवायला नको, पोळ्याला तो ते करतोच. फक्त त्याचे बैल राष्ट्राच्या अध्यक्षाला ओढतील हे त्याला ठाऊक नव्हतं.

आता यातलं मर्म बघा. ग्रामोद्योगाचा प्रचार तेव्हा जोरात होता. ‘परदेशी माल टाळा, गावात बनलेलं वापरा’ हे भाषणांतून ऐकून लोकांचे कान किटले असतील. त्या भाषणाने माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन गिरणीचं कापड नेसतो. त्याच्या मनात आपल्या घरच्या चटईला मान नसतो, कारण ती घरची असते, गरिबीची खूण असते. तीच चटई लाखभर लोकांसमोर पुढाऱ्यांच्या डोक्यावर छत म्हणून चढली, म्हणजे तिचा दर्जा बदलतो आणि त्यासाठी एकही वाक्य बोलावं लागत नाही. नंदलालांनी सामान बदललं नाही, त्याची जागा बदलली. माझ्या फ्लेक्सवर नेमकं उलटं होतं. सांगणं एक आणि सांगण्याचं सामान दुसरं, आणि पाहणारा सामानावर विश्वास ठेवतो.

टिळकनगरात खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शनही होतं. प्रदर्शन म्हणजे तमाशा नव्हे, ती शाळा असली पाहिजे, हा गांधीजींचा हट्ट होता. त्यामागे 1934 च्या डिसेंबरात वर्ध्याला निघालेला अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा होता. त्याचे सचिव जे. सी. कुमारप्पा. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकलेला हा हिशेबतपासनीस वर्ध्याच्या मगनवाडीत बसून घाणी, गूळ, हातकागद आणि हातसडीचा तांदूळ यांच्यामागे लागला होता. तिथे तयार झालेल्या मगनदीपाबद्दल थोडं सांगायला हवं. घासलेट परदेशातून यायचं, तेव्हा गावच्या घाणीचं तेल जाळा, असं म्हणायला सोपं. पण गोडं तेल जाड असतं. घासलेटासारखं ते वातीतून उंच चढत नाही. साध्या कंदिलात टाकी खाली आणि ज्योत वर, त्यामुळे त्यात गोडं तेल घातलं तर दिवा काजळी धरतो आणि विझतो. तेल ज्योतीच्या जवळ राहील असा वेगळा कंदीलच घडवावा लागतो. तसा तो घडवला. घासलेट सोडा असं सांगण्याआधी घासलेटाशिवाय जळणारा दिवा हातात द्यायचा, ही रीत मला फार आवडते. 30 डिसेंबर 1938 रोजी वर्ध्यात मगन संग्रहालय उघडलं, गांधीजींच्या हस्ते. ग्रामोद्योगाच्या वस्तू आणि अवजारं तिथे मांडली गेली. अधिवेशनासारखी चार दिवसांची नव्हे, कायमची.

फैजपूरनंतर चौदा महिन्यांनी, फेब्रुवारी 1938 मध्ये, काँग्रेस हरिपुऱ्याला भरली. तेही खेडं, बारडोली भागातलं, आणि तापीच्याच काठी. फैजपूरवरून वाहिलेलं पाणी तिथे जातं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस आणि एक्कावन्नावं अधिवेशन म्हणून रथाला 51 बैल. तिथेही नंदलाल होते. या वेळी त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांनी सुमारे 400 चित्रं रंगवली, साधारण दोन-दोन फुटांची, आणि ती मंडपांवर, कमानींवर, रस्त्याच्या कडेला लावली. ढोलकी वाजवणारा, चांभार, सुतार, पहिलवान, मुलाला घेतलेली आई. अधिवेशनाला आलेला माणूस चालता चालता आपल्यासारख्याच माणसांच्या चित्रांमधून पुढे जायचा. त्याला चित्रशाळेत बोलावलं नव्हतं, चित्रशाळाच वाटेवर आली होती.

त्या चित्रांचं मोठं नाव झालं. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांतली कित्येक जपून ठेवली आहेत. कलेच्या पुस्तकांत हरिपुऱ्याला पानंच्या पानं मिळतात आणि फैजपूरच्या वाट्याला चार ओळी येतात. कारण उघड आहे, कागद काचेमागे ठेवता येतो, मांडव ठेवता येत नाही. याचा मला थोडा राग येतो. मांडववाल्याचा मुलगा म्हणून येतो, हे कबूल. पण धंद्याच्या बाजूने बघाल तर फैजपूरचं काम जास्त अवघड होतं. चित्रकाराने चित्र काढणं वेगळं आणि चित्रकाराने वारा, पाऊस, गर्दी आणि आग यांचा हिशेब ठेवून सुंदर मांडव उभारणं वेगळं.

आणि मांडव उरला नाही हा दोष कसा होईल? अधिवेशन संपलं, सामान सुटलं. मी तिथे नव्हतो, पण सुटलेल्या बांबूचं काय होतं ते मला माहीत आहे. चांगला बांबू पुन्हा मांडवाला लागतो. फुटला तर त्याच्या कामट्या निघतात, कामट्यांची टोपली होते, टोपली तुटली की चुलीत जाते आणि राख भांडी घासायला. तट्ट्या गोठ्याला, गवत बैलांपुढे. कचऱ्याच्या टेम्पोला काही उरत नाही.

त्यात सगळं गोड होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ग्रामोद्योगाची अर्थव्यवस्था स्वातंत्र्यानंतरच्या योजनांत कोपऱ्यात गेली. खुद्द फैजपूरच्या अध्यक्षांचा ओढा मोठ्या यंत्रांकडे होता. बांबू कापणाऱ्या बुरडाच्या पोरांनी तो धंदा सोडला आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही, कारण टोपलीला मिळणारी किंमत कमानीच्या मानावर ठरत नसते. मीदेखील अजून पूर्ण फ्लेक्स सोडलेला नाही. गेल्या तीन वर्षांत एवढंच केलं, की सांगाडा बांबूचा, जोड सुंभाचे आणि मजकूर खादीवर हाताने रंगवलेला, असा एक दर मी कोटेशनमध्ये फ्लेक्सच्या दराशेजारी लिहितो. दहातले दोन ग्राहक तो निवडतात. माझ्याकडच्या पोरांना गाठ सोडवायला शिकवायला मात्र दोन महिने गेले. त्यांना कटर सोपा वाटतो.

फैजपूरला मध्यंतरी गेलो. धनाजी नानांच्या नावाचं महाविद्यालय आहे. कमान कुठे होती हे रस्त्यात दोघातिघांना विचारलं. प्रत्येकाने वेगळी दिशा दाखवली.

तर फैजपूर, सावदा, यावल, रावेर या पट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. आजोबांच्या ट्रंकेत टिळकनगरचा फोटो, पावती, बिल्ला, बांबू पुरवल्याचा हिशेब, काहीही असेल तर ते रद्दीत देऊ नका. फोटो असेल तर त्याच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलंही उतरवून घ्या. आणि त्यात कमानीचे जोड दिसत असतील तर ते सुंभाचे आहेत की खिळ्यांचे, ते नीट बघा.