मोटारीचा वैल

डिसेंबरातली पहाट होती. शिरूरहून दौंडकडे निघालेल्या मोटारीत आम्ही पाच जण होतो, त्यांतले चार शाळामास्तर. काचा बंद असूनही घोडनदीवरचा गारठा आत जाणवत होता. कोणीतरी चालकाला म्हणाले, "हीटर लावा हो." चालक म्हणाला, "लावतो, पण पेट्रोल जास्त जाईल." यावर वाद सुरू झाला. गणिताच्या सरांचे म्हणणे असे, की गारव्याच्या यंत्राला इंधन लागते, तर उबेच्या यंत्रालाही लागलेच पाहिजे. विज्ञानाचे सर म्हणाले, "मुळीच नाही, ती ऊब फुकट असते." दौंड आले तरी निकाल लागला नव्हता. या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे, म्हणजे चुलीपर्यंत जावे लागते.

आपल्या जुन्या चुलीला वैल असे. मुख्य तोंडावर भाकरी भाजली जात असे आणि आतून पुढे सरकणाऱ्या धगीवर, शेजारच्या वैलावर, आमटी गरम राहत असे. वैलासाठी वेगळे सरपण घालावे लागत नसे. जी धग एरवी धुराबरोबर निघून गेली असती, तिलाच घरातली बाई कामाला लावत असे. इंजिनांच्या इतिहासात हा वैल कोणाला सापडला, कोणाला सापडला नाही, हे पाहणे मोठे उद्बोधक आहे.

दौंडचे वाफेचे इंजिन

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८५८ साली पुण्याला आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस लोहमार्ग दौंडवरून पुढे दिकसाळपर्यंत पोहोचला. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे जंक्शन झाले. पुढे मुंबई-पुणे मार्गावर १९२९ मध्ये विजेची इंजिने धावू लागली, तरी पुण्याच्या पूर्वेला वाफेचेच राज्य राहिले. कोळसा आणि पाणी घेण्यासाठी थांबलेली इंजिने हे कित्येक दशके दौंडचे नित्याचे दृश्य होते.

या इंजिनात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण सहा ते आठ टक्केच गाडी ओढण्याच्या कामी येत. बाकीची जाई कुठे? विसाव्या अंशापासून शंभरापर्यंत एक किलो पाणी तापवायला सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी सुमारे २,२६० किलोज्यूल लागतात. दट्ट्या ढकलून झाल्यावर वाफ धुराड्यातून बाहेर पडे आणि ही सुप्त उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाई. भट्टीला ओढ मिळावी म्हणून या झोताचा उपयोग होई खरा. पण उष्णता मात्र आकाशात जाई.

फ्रेंच अभियंता सादी कार्नो याने १८२४ मध्येच दाखवून दिले होते, की उष्णतेवर चालणारे कोणतेही यंत्र सगळ्या उष्णतेचे काम करू शकत नाही. काही भाग थंड जागी सोडून द्यावाच लागतो. म्हणजे धग बाहेर पडणार हे निश्चित. प्रश्न एवढाच, की तिच्या वाटेवर वैल ठेवायचा की नाही.

थंड देशांत आगगाडीचे डबे वाफेने गरम करीत. पण त्यासाठी वापरून झालेली वाफ न घेता बाष्पकातून ताजी वाफ घेत. म्हणून डब्यांच्या उबेसाठी जादा कोळसा जळे. पुढे डिझेल इंजिने आली, तेव्हा डबे तापवण्यासाठी त्यांच्यावर वेगळे बाष्पक बसवावे लागले. आमच्या गणिताच्या सरांचे म्हणणे आगगाडीच्या बाबतीत पूर्ण खरे होते!

उसाच्या रसाचा धडा

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे. साखर कारखान्यात मात्र वैल फार पूर्वीच सापडला. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सचा अभियंता नॉर्बर्ट रिलिए याने १८४० च्या दशकात रस आटवण्याच्या नव्या पद्धतीची पेटंटे घेतली. पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ निघते, तिनेच दुसऱ्या भांड्यातला रस उकळायचा. दुसऱ्यातल्या वाफेने तिसऱ्यातला. पुढच्या प्रत्येक भांड्यात दाब कमी ठेवल्यामुळे रस कमी तापमानाला उकळतो आणि एकच उष्णता अनेकदा कामी येते. आजही कारखान्यांत चिपाडावर चालणाऱ्या बाष्पकाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि मग रस आटवते.

मोटारीतली शेगडी

सुरुवातीच्या मोटारी उघड्या असत. थंडीत लोक अंगावर जाड पांघरुणे घेत किंवा पायांशी निखाऱ्यांची डबी ठेवत. मोटारी बंदिस्त झाल्यावर इंजिनाच्या धगीकडे लक्ष गेले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए गाडीत, धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळीभोवतीची हवा आत घेणारा हीटर बसवता येई. यात धोका असा, की नळीला चीर पडली तर गरम हवेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही आत येई. या वायूला वास नाही, रंग नाही. माणसाला झोप लागते आणि ती उतरत नाही. बंद जागेत इंजिन चालू ठेवून गाडीत बसू नये, हे मुलांना आजही आवर्जून सांगितले पाहिजे.

म्हणून दुसरा मार्ग रूढ झाला. इंजिनाभोवती खेळणारे पाणी तापून रेडिएटरकडे जाते. त्यातलाच थोडा प्रवाह प्रवाशांपुढच्या लहान जाळीतून फिरवायचा आणि मागे पंखा ठेवायचा. १९३८ मध्ये अमेरिकेतील नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून, अशा जाळीवरून आत सोडणारी व्यवस्था आणली. आजच्या पेट्रोल-डिझेल मोटारींचा हीटर मूलतः असाच आहे. हाच मोटारीचा वैल.

आपल्याकडच्या जुन्या पुष्कळ मोटारींत हीटर नसेच. ज्यांत असे, त्यांचे चालक त्याचा उपयोग उन्हाळ्यात करीत! घाटात इंजिन तापू लागले, की काचा उघडून हीटर पूर्ण चालू करायचा. पाण्याची जादा उष्णता गाडीच्या आतून निघून जाई आणि काटा खाली येई. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटर, हे त्या चालकांना पुस्तकाशिवाय कळले होते.

हिशेब

आता आमच्या प्रवासाचा हिशेब करू. अंतर ५४ किलोमीटर, वेग ताशी ६० किलोमीटर आणि लिटरला १८ किलोमीटर असे धरू. म्हणजे ३ लिटर पेट्रोल ५४ मिनिटांत जळाले. एका लिटरातून सुमारे ३३ मेगाज्यूल मिळतात. एकूण झाले सुमारे १०० मेगाज्यूल, म्हणजेच सरासरी ३१ किलोवॅट. यातला ढोबळ मानाने चौथा भाग चाकांच्या कामी येतो. सुमारे ९ किलोवॅट इंजिनाच्या पाण्यात जातात आणि उरलेले धुराबरोबर व इंजिनाच्या अंगावरून. आपल्याकडच्या थंडीत पाच माणसांना एक-दोन किलोवॅट ऊब पुरे. रेडिएटर जेवढे फेकून देतो त्याचा हा फार तर चौथा-पाचवा हिस्सा.

तर विज्ञानाचे सर बरोबर? जवळजवळ. पंखा विजेवर चालतो. पूर्ण वेगाने तो १०० वॅट घेतो असे समजू. अल्टरनेटरची कार्यक्षमता निम्मी धरली तर इंजिनाला २०० वॅट द्यावे लागतात आणि इंजिनाची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली तर इंधनातले ८०० वॅट खर्ची पडतात. ३१ किलोवॅटमध्ये हे अडीच टक्के झाले. तीन लिटरमागे ७५ मिलिलिटर. पंखा मंद ठेवला, तर हा खर्च एक टक्क्याहूनही कमी.

आणखी एक बारीक गोष्ट. गार इंजिनात तेल घट्ट असते आणि त्याला पेट्रोलही जास्त लागते. गाडी सुरू होताच हीटर लावला, तर इंजिन तापायला उशीर होतो. म्हणून पहिली काही मिनिटे थांबावे. गारव्याच्या यंत्राची गोष्ट वेगळी: त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच फिरवते, म्हणून तिथे इंधनात ठळक फरक पडतो.

इंजिन जितके चांगले, तितका वैल गार, हाही अनुभव आला आहे. शिरूर तालुक्यातील रांजणगावच्या फियाट-टाटा कारखान्यात १.३ लिटरची मल्टिजेट डिझेल इंजिने अनेक वर्षे तयार झाली. अशा काटकसरी लहान डिझेल इंजिनांची वाया जाणारी उष्णता इतकी कमी असते, की थंड देशांत पुष्कळदा जोडीला विजेचा हीटर द्यावा लागतो.

त्याच रस्त्यावर, ७४ वर्षांनी

१ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एस.टी. अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याला गेली, ती शिरूरवरूनच. १ जून २०२२ रोजी त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली विजेची 'शिवाई' बस धावली. पहिल्या बसच्या इंजिनाची धग प्रवाशांना जाणवत असे. दुसरीला इंजिनच नाही.

विजेची लहान मोटार एका युनिटमध्ये सुमारे सहा किलोमीटर जाते असे धरले, तर आमच्या ५४ किलोमीटरला ९ युनिटे, म्हणजे सरासरी १० किलोवॅट पुरतील. त्यातली बहुतेक ऊर्जा चाकांनाच मिळते. उबेसाठी तारेचा हीटर लावून २ किलोवॅट घेतले, तर खर्च एकदम वीस टक्क्यांनी वाढतो. बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा उष्णता-पंप वापरला, तर तीच ऊब पाऊण ते एक किलोवॅटमध्ये मिळू शकते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, उणे सात अंश सेल्सियसला हीटर चालू ठेवल्यावर विजेच्या मोटारींचा पल्ला सरासरी ४१ टक्क्यांनी घटला.

हे आकडे पाहून विजेची मोटार वाईट असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. विद्यार्थीही तो काढतील. तेव्हा ३१ आणि १० हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. पेट्रोलच्या गाडीतली ऊब फुकट वाटते, कारण तिचे पैसे आपण पंपावर आधीच भरलेले असतात. हीटर लावला नाही तरी ते परत मिळत नाहीत. विजेच्या गाडीत हीटर लावल्यावर १२ किलोवॅट झाले, तरी ते ३१ पेक्षा कितीतरी कमीच. अर्थात वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल, तर धग तिथे वाया गेलेली असते. तोही हिशेब मुलांकडून करून घ्यावा.

स्वयंपाकघरात भाजीच्या झाकणावर पाणी ठेवतात आणि तेच गरम पाणी मग भाजीत घालतात. घरात, शेतात, कारखान्यात असे आणखी किती वैल आहेत, आणि कुठे असायला हवे होते पण नाहीत, याची यादी आठवीच्या मुलांना करायला सांगावी. ती यादी आपल्यालाही काही नवे शिकवील.