मागच्या तारखेचे विमान

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला एक वेळ भूत चालते, पण मागच्या तारखेची नोंद चालत नाही. त्यामुळे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेतले ब्रिटिश हवाईदल मी पाहिले ते कारकुनाच्या डोळ्यांनी. १९६३ साली सुरू झालेल्या ह्या मालिकेचा नायक पोलिसांच्या निळ्या खोक्यात बसून वाटेल त्या सालात जातो. म्हणजे जिथे जाईल तिथे मागची तारीख आलीच!

खरे हवाईदल स्थापन झाले १ एप्रिल १९१८ रोजी. लोक काही का हसेनात, खातेवहीला ह्याहून चांगला मुहूर्त नाही. मालिकेत मात्र त्याच्या नोंदींचा सावळा गोंधळ. २००५ सालच्या भागात १९४१च्या लंडनमध्ये एक कॅप्टन जॅक हवाईदलाचा अमेरिकन स्वयंसेवक म्हणून मिरवतो. मूळचा गडी ५१व्या शतकातला भामटा! ओळखपत्र म्हणून कोरा कागद पुढे करतो आणि बघणाऱ्याला त्यावर हवे ते दिसते. कर्जाच्या अर्जाला असे कागद जोडलेले मी पुष्कळ पाहिलेत. २०१०च्या भागात तीन स्पिटफायर विमाने थेट अंतराळात जाऊन लढतात. खरे स्पिटफायर पस्तीसेक हजार फुटांवरच धापा टाकायचे.

पण खरी मेख २०११च्या नाताळच्या भागात आहे. १९४१चा नाताळ. रेज नावाचा वैमानिक लँकेस्टर बॉम्बरसकट इंग्लिश खाडीवर बेपत्ता झालेला. बायकोला तार आलीय, पण सणाचा विरस नको म्हणून तिने ती मुलांपासून दडवलीय. शेवटी काळाच्या भोवऱ्यातून तिचा उजेड त्याला दिसतो आणि स्वारी विमानासकट दाराशी हजर!

आता तपासणी. लँकेस्टर पहिल्यांदा मोहिमेवर गेले मार्च १९४२मध्ये. म्हणजे नोंद सरळसरळ मागच्या तारखेची. माझी लाल पेन्सिल उचललेली होती.

मग खरी खातेवही आठवली. त्या युद्धात ब्रिटिश बॉम्बर दलाचे सुमारे सव्वा लाख विमानसैनिक होते. त्यांतले ५५,५७३ मेले. थेम्सच्या काठी रनिमीडला १९५३ साली उघडलेले एक स्मारक आहे. ज्यांची कबरसुद्धा सापडली नाही, अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावे तिथे दगडात कोरली आहेत. आमच्याकडे ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात आणि ते खाते मिटेपर्यंत साहेब जेवू देत नाही. हे खाते कोण मिटवणार? तितक्या घरी तारा गेल्या, तितक्या बायकांनी दिवे लावले असतील. विमान एकीच्याही दारात उतरले नाही.

वीस हजारांतला एक माणूस गोष्टीपुरता घरी परतत असेल, तर तारीख कसली बघायची? ती नोंद मी मुकाट्याने पास केली.