१२ ऑगस्ट १८०३ : नगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती

१२ ऑगस्ट १८०३ रोजी नगरचा भुईकोट दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातून इंग्रजांकडे गेला. वसईच्या तहाने पेशवे बाजीराव दुसरे इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांना ते मान्य नव्हते. अखेर ऑगस्टच्या सुरुवातीला लढाईला तोंड फुटले.

इंग्रजांच्या जनरल आर्थर वेलस्लीचा तळ नगरजवळ वाळकीला होता. ८ ऑगस्टला त्याने आधी पेठेवर हल्ला चढवला. पेठेच्या तटाला आतून उभे राहायला जागाच नव्हती. शिड्या लावून वर चढलेल्या इंग्रजांच्या हायलंडर शिपायांना पाय कुठे टेकावा हा प्रश्न पडला, आणि शिंद्यांच्या अरब सैनिकांनी त्यांना चांगलेच झुंजवले. तरीही पेठ त्याच दिवशी पडली. किल्ल्याचे मात्र तसे झाले नाही. १० तारखेला तोफा सुरू झाल्या आणि १२ ला किल्लेदाराने खासगी मालमत्तेची हमी घेऊन सुमारे चौदाशे लोकांसह किल्ला सोडला. खंदकाचा एवढा मजबूत कोट दोन दिवसांत जावा, हे शिंद्यांना खचितच भूषणावह नव्हते.

वेलस्लीला आता रसदीचा पक्का तळ मिळाला. यानंतर २३ सप्टेंबरला असईची आणि २९ नोव्हेंबरला आडगावची लढाई, १५ डिसेंबरला गाविलगडाचा पाडाव आणि ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. त्याच वर्षी दख्खनमध्ये दुष्काळही पडला. नगर भागाची त्यात दैना झाली. पुढे हाच वेलस्ली ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला.